व्हिपेंडेल वुडमधली अळंबी

लहानपणी कोकणात श्रावण लागला की वारुळापाशी अळंबी उगवायची. आजीचा नियम एकच : "वळखीची असेल तरच तोडायची."

वॉटफर्डला आल्यावर व्हिपेंडेल वुडमध्ये ती हौस पुन्हा जागी झाली. हे रान पूर्वी अर्ल ऑफ एसेक्स यांच्या कॅशिओबरी इस्टेटीतलं. त्यांचा वाडा १९२७ साली पाडला गेला, रान मात्र राहिलं.

इंग्रजांची मानाची अळंबी म्हणजे 'पेनी बन', एका पेनीच्या पावासारखी तपकिरी, फुगीर. १७८२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्यूयार यांनी तिचं 'बोलेटस एड्युलिस' असं बारसं केलं. आपली वारुळाची अळंबी वाळवी जोपासते. ही ओक-बीचच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगते. इथला १९६८ चा चोरीचा कायदाही उदार : विकायची नसेल तर रानची अळंबी तोडणं चोरी नव्हे!

पण ओकाखालीच विषारी 'डेथ कॅप'ही उगवते. कोवळी असताना ती आशियातल्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते. या साम्यामुळे परदेशी गेलेल्या काही आशियाई माणसांचे जीव गेले आहेत. शिजवूनही तिचं विष जात नाही.

म्हणून मी अळंबी नुसती पाहतो, तोडत नाही. आजीची नजर काही बरोबर आणता आली नाही, नियम तेवढा आणला.