समस्याधिष्ठित अध्ययन, आतिथ्य-शिक्षणातील

व्यवसायातील एखादी समस्या विद्यार्थ्यांच्या लहान गटापुढे प्रथम मांडून, तिच्या उकलीसाठी लागणारे ज्ञान त्यांनाच मिळवावयास लावणारी अध्यापनपद्धती. तीत शिक्षकाची भूमिका मार्गदर्शकाची असते.

हॉटेल-व्यवसायाचे शिक्षण पूर्वी उमेदवारीतूनच मिळे. झाक त्शूमी याने १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथे हॉटेलशाळा काढली, तेव्हा तिचे वर्गही एका हॉटेलातच भरले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हा विषय विद्यापीठीय कक्षेत आणला. तेथे १९२६ मध्ये विद्यार्थ्यांनीच हॉटेल चालवून दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. मुंबईत १९५४ मध्ये खानपानविद्येची संस्था निघाली. हातांनी करून शिकणे, हे या साऱ्या प्रयत्नांमागील समान सूत्र होय.

समस्याधिष्ठित पद्धतीचा उगम मात्र वैद्यकशिक्षणात झाला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये व नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट येथील वैद्यकशाखेने १९७४ मध्ये ती अवलंबिली. पुढे ती आतिथ्य व पर्यटन यांच्या शिक्षणातही आली. खोल्यांपेक्षा अधिक झालेली आरक्षणे किंवा पर्यटनस्थळी भासणारी पाण्याची टंचाई, असे प्रश्न एकाच विषयाच्या चौकटीत मावत नाहीत. हिशेब, कायदा व मानवी स्वभाव यांचा त्यांत एकत्रित विचार करावा लागतो.

ऑनलाइन माध्यमामुळे गटचर्चेला स्थळकाळाचे बंधन उरले नाही. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शिक्षणसंस्थांची प्रशिक्षण-स्वयंपाकघरे बंद पडली, तेव्हा पर्याय म्हणून असलेले हे माध्यम अपरिहार्य झाले. त्याविषयी विद्यार्थ्यांची अभिवृत्ती संमिश्र असते. सवडीने विचार करता येतो, तसेच वर्गात बोलण्यास बुजणाऱ्यालाही लिहून मत मांडता येते, हे त्यांना रुचते. उलटपक्षी, गटातील कामचुकारालाही समान गुण मिळणे व नेमके काय अपेक्षित आहे ते न कळणे, यांमुळे नाराजी उद्‌भवते. व्याख्यानाची सवय असलेल्यास शिक्षकाचे मौन ही टाळाटाळ वाटते. शिवाय चुलीची धग, पदार्थाची चव आणि रागावलेल्या अतिथीची देहबोली पडद्यावर पुरतेपणी उतरत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांच्या नापसंतीचा अर्थ केवळ यंत्राविषयीची नावड असा लावणे योग्य ठरत नाही. ज्या व्यवसायात माणसाने माणसाची सेवा करावयाची, त्याचे शिक्षण माणसापासून दुरावत असल्याची शंका तीत असते. पडद्यावर उकललेली समस्या पुढे प्रत्यक्ष स्वयंपाकघरात वा स्वागतकक्षात पडताळून पाहता आली, तर ही शंका बऱ्याच अंशी दूर होऊ शकते.