छोटी लाइन

माझं माहेर सावरगाव आणि सासर सौसर. लग्नात मैत्रिणी हसायच्या, सासरच्या गावाचं नावही सासरसारखंच! पांढुर्ण्याहून मोठी लाइन जाते, सौसरला मात्र छोटी लाइन. रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेला हा नागपूर–छिंदवाडा मार्ग.

तेव्हा नागपूर आमची राजधानी. तिथे 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ते गिरण्यांचं शहर झालं. लग्नाचा बस्ता, दवाखाना, संत्र्यांचा बाजार, सगळ्याला नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळ झाली. सावनेर पलीकडे, सौसर अलीकडे. कागदावर सीमा पडली, पण गाडी तशीच धावत राहिली. माहेरवाशिणींना तिनेच जोडून ठेवलं.

सासूबाई रात्री जेवत नसत. नागपूरहून परतताना गाडी रेंगाळली, की दिवस मावळायच्या आत डब्यातच दशम्या सोडायच्या. म्हणायच्या, "गाडीले घाई नाही बाई, सूर्याले आहे!" शेजारच्या बाईलाही एक द्यायच्या. तिची जात कधी विचारली नाही.

2015 च्या अखेरीस छोटी लाइन बंद झाली. आता तिथून ब्रॉडगेज धावते. जुनी इंजिनं नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात आहेत, ते 14 डिसेंबर 2002 ला उघडलं. मी नातीला घेऊन गेले. इंजिनाचं वजन, बनावट, सगळं लिहिलेलं होतं. नात म्हणाली, "आजी, यात बसायचं कोण?" ते मला पाटीवर दिसलं नाही.

फ्रान्सच्या सीमेवर म्युलूझ नावाचं गिरण्यांचं शहर आहे. तिथे रेल्वेचं आणि मोटारींचं मोठं संग्रहालय आहे. 1977 साली लोकरीच्या गिरणीच्या कामगारांनी मालकांच्या आवाराचा ताबा घेतला, तेव्हा आत शेकडो किमती मोटारी सापडल्या. आज लोक त्या मोटारी बघतात. सूत कातणारे हात मात्र त्यात दिसत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, एक करा. सासू, आजी, मोठी जाऊ, जी कुणी त्या गाडीने गेली असेल, तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिकीट किती होतं, सोबत काय बांधलं होतं, उतरवून घ्यायला कोण आलं होतं. लोखंड सरकार जपेल. हे आपणच जपायचं.