दिनविशेष : ६ फेब्रुवारी
१९७८ : बोस्टन गार्डन या बंदिस्त स्टेडियममध्ये बीनपॉट या कॉलेज आइस हॉकी स्पर्धेत बोस्टन युनिव्हर्सिटीने बोस्टन कॉलेजचा १२-५ असा धुव्वा उडवला. एकाच कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या या दोन शेजाऱ्यांची आइस हॉकीतली खुन्नस १९१८ पासूनची. दोन्हीकडचे बँड, घोषणा, पिढीजात पाठीराखे. त्या रात्री बाहेर हिमवादळ घोंगावत होतं, तरी सामना संपेपर्यंत कित्येकजण जागचे हलले नाहीत. हॉकीचं वेड म्हणतात ते हेच! शहरात २७ इंच बर्फ पडला, रस्ते बुजले आणि काहीशे प्रेक्षक आतच अडकले. बाकांवर अंग टाकून, स्टॉलवरचे हॉट डॉग खाऊन त्यांनी दिवस काढले. स्पर्धेचा अंतिम सामना थेट १ मार्चला झाला.