कुलपातला कॉम्प्युटर

भंगारवाल्याला कॉम्प्युटरचा भाव ठरवता येईना, म्हणून त्याने तो सरळ प्लास्टिकमध्ये तोलला. पिवळट पडलेलं खोकं, काळा कीबोर्ड आणि वर लालसर रंगाच्या दहा फंक्शन की. लांबूनच ओळखला. बीबीसी मायक्रो! मॉनिटर नाही, कॅसेट प्लेअर नाही, फ्लॉपी ड्राइव्ह नाही. मेनची वायरसुद्धा कोणीतरी तांब्यासाठी कापून नेलेली. बाजूला कुठल्याशा शाळेच्या डेडस्टॉकचा नंबर, पांढऱ्या ऑइलपेंटने.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. बीबीसीने ब्रिटनमध्ये लोकांना कॉम्प्युटर शिकवण्याची मोहीम काढली आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये हे यंत्र बाजारात आणलं. प्रोसेसर ६५०२, वेग २ मेगाहर्ट्झ, 'मॉडेल बी'ला मेमरी ३२ केबी. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली, ती याच यंत्रांवर. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तर 'एससीएल युनिकॉर्न' नावाने त्याची देशी आवृत्तीही काढली. (याच कारखान्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये मोठी आग लागली, पण तो वेगळा आणि फार मोठा विषय आहे.)

आमच्याही शाळेत ही यंत्रं आली होती. लंडनच्या रेडिओवाल्यांचा कॉम्प्युटर म्हणून आम्हाला कोण कौतुक! चपला बाहेर, खोलीला कुलूप, यंत्रांवर शिवून घेतलेले अभ्रे. नववीत एकदा माझी पाळी आली. दोन मिनिटं. काय टाइप करायचं सुचेना, म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं आणि रिटर्न दाबलं. पडद्यावर शब्द उमटला, 'मिस्टेक'. सर म्हणाले, "काय केलंस हे? बिघडवलास ना!" पुन्हा माझी पाळी आली नाही.

असो. तर घरी आणल्यावर प्लग लावायचा मोह आधी आवरला. या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये मेनच्या तोंडाशी दोन फिल्टर कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला कालांतराने तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि वीज दिल्यावर ते धूर सोडत फुटतात. माझ्याकडचे दोन्ही तडकलेलेच होते. ते बदलले, नवी वायर जोडली. मीटर लावला, ५ व्होल्ट बरोबर येत होते.

चालू केल्यावर बीबीसी मायक्रो 'बूऽ-बीप' असा आवाज करतो. त्यातली 'बूऽ' ही साउंड चिप जागी झाली की आपोआप काढते. प्रोसेसर कामाला लागला की तो तिला गप्प करतो आणि बीप देतो. माझं यंत्र 'बूऽऽऽ' करतच राहिलं. म्हणजे वीज होती, साउंड चिप जिवंत होती, पण प्रोसेसरची गाडी पुढे जात नव्हती. सॉकेटमधल्या चिप एकेक करून उपसल्या, पाय साफ केले, परत बसवल्या. तिसऱ्या खेपेला बीप आला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी एकटाच टाळ्या वाजवत होतो!

पडद्याची सोय सीसीटीव्ही बसवणाऱ्याने केली. मागचं व्हिडिओ सॉकेट बीएनसी जातीचं, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्यांचंच. पाच मिनिटांत जुन्या टीव्हीवर कृष्णधवल अक्षरं आली. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', खाली एक बाण. मी माझं नाव टाइप केलं. 'मिस्टेक'. बस्स, एवढंच. हा शब्द मला कळला नाही, असं बेसिक सांगत होतं. तेव्हाही एवढंच सांगत होतं. काही बिघडलं नव्हतं!

कीबोर्ड पुसताना एक गोष्ट लक्षात आली. वापरलेल्या कीवर बोटांनी एक चकाकी येते. स्पेसबारवर हमखास. इथे एकाही कीवर ती नव्हती. आमच्या शाळेसारखं कुलूप याच्याही शाळेत होतं तर.

राहता राहिला कॅसेट प्लेअर. कॅसेटवरचे प्रोग्राम म्हणजे नुसता आवाज: १२०० हर्ट्झची एक लहर म्हणजे शून्य, २४०० हर्ट्झच्या दोन म्हणजे एक. मग मोबाईल का चालू नये? केबल सोल्डर केली. आणि गंमत बघा, मोबाईलमधला आर्म प्रोसेसर ज्या वंशातला, त्यातला पहिला १९८५ मध्ये एकॉर्नच्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखला, आणि त्याच्या चाचण्या बीबीसी मायक्रोला जोडूनच झाल्या. नातवाने आजोबांना घास भरवावा तसं काहीसं.

'सर्चिंग' आलं, मग 'लोडिंग', आणि लगेच 'डेटा?' म्हणून तक्रार. मोबाईलचा आवाज दोन घरं वाढवला, सुरुवातीपासून पुन्हा वाजवला. या वेळी शेवटपर्यंत लोड झाला.