पत्ता घराचा कीं माणसाचा?

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला त्या उपद्व्यापाचें वर्णन सांगावयास नको. भांडींकुंडीं, पुस्तकें, कपाटें एका दिवसांत नव्या घरीं नेतां येतात. मागें राहतें तें टपाल.

मीं घर बदललें तेव्हां जुन्या वस्तींतील टपालकचेरींत रीतसर अर्ज देऊन नवा पत्ता कळविला होता. कांहीं आठवडे जुन्या पत्त्यावर रेघ ओढलेलीं पत्रें नव्या घरीं येत राहिलीं. मग ओळखीच्या पोस्टमनची बदली झाली आणि पत्रें थांबलीं. चौकशीस गेलों तर जुनी कचेरी नवीकडे बोट दाखवी, नवी जुनीकडे. त्याच सुमारास एका वृद्ध स्नेह्यांनीं आजारपणांत लिहिलेलें पत्र ‘येथें राहत नाहींत’ अशा शेऱ्यानिशीं त्यांच्याकडे परत गेलें. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलानें तें माझ्या हातीं दिलें. नवा पत्ता मीं त्यांना कां कळविला नाहीं, याबद्दल त्यांनीं मनाशीं काय समजूत करून घेतली असेल, हें आतां कळावयाचें नाहीं.

दोष कोणाचा, या प्रश्नाच्या मागें लागून मी टपालाच्या इतिहासाकडे वळलों. तेथें जें आढळलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

मराठेशाहींतील जासूद पत्र घेऊन निघे तेव्हां त्याला घर नव्हे, तर माणूस गांठावयाचा असे. सरदाराची छावणी आज येथें, उद्यां तेथें. पत्राच्या मायन्यांत व्यक्तीचें नांव आणि मानमरातब. घराचा क्रमांक कोठेंच नाहीं. माणूस हलला तर पत्र त्याच्या मागोमाग जाई. अर्थात् ही सोय दरबाराची आणि सावकारांची होती. सामान्य रयतेची नव्हे.

सामान्यांना टपाल लाभलें तें कंपनी सरकारच्या अमदानींत. १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्ज यानें कलकत्त्यास टपालाचें दार लोकांसाठीं उघडलें. परंतु अंतराप्रमाणें वाढणारें हंशील सर्वांना झेपण्याजोगें नव्हतें. इंग्लंडांतही तीच रड होती. तेथें तर हंशील बहुधा पत्र घेणाराच देई. १८३७ सालीं रोलंड हिल यानें आपल्या पत्रकांत दाखवून दिलें कीं, पत्र वाहून नेण्याचा खर्च थोडा, आणि हिशेब व वसुली यांचाच खटाटोप मोठा. त्यांतून १८४० सालीं एका पेनीचें तिकीट निघालें. आपल्याकडे १८५२ सालीं सिंधमध्यें बार्टल फ्रिअर यानें तिकिटें काढलीं, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत हिंदुस्थानांत कोठेंही जाऊं लागलें. तिकीट न लावतां टाकलेल्या पत्राचे मात्र घेणाऱ्यास दुप्पट पैसे भरावे लागत.

या सुधारणेचें श्रेय थोर आहे. पण तिच्या पोटांत एक बारीक फरक दडलेला होता. पैसे घेणाऱ्याकडून मिळावयाचे होते, तोंवर त्याला शोधून काढण्यांत खात्याचाही लाभ होता. पैसे आधींच पदरांत पडल्यावर तो लाभ संपला. उरलें तें केवळ कर्तव्य.

कायद्यानें तें कर्तव्य मान्यही केलें होतें. १८९८ च्या टपाल कायद्यांत न पोंचलेल्या पत्राचा क्रम लावून दिला होता. शक्य असेल तर प्रथम नव्या पत्त्यावर रवाना करावें. तें साधलें नाहीं तरच गुप्ततेची बांधिलकी असलेल्या अधिकाऱ्यानें फोडून, धाडणाऱ्याचा ठाव लावावा. २०२३ च्या नव्या कायद्यानें ती जागा घेतली, आणि तो २०२४ पासून अमलांत आला. अशा पत्रांच्या कचेरीस प्रथम ‘डेड लेटर ऑफिस’, म्हणजे मृत पत्रांची कचेरी म्हणत. पुढें ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ असें सौम्य नांव आलें. नांव सौम्य झालें, तरी न मिळालेलें पत्र ज्याचें त्याला तें मृतच!

पोटासाठीं सदैव फिरणाऱ्यांनीं यावर आपल्यापुरता तोडगा काढला. मुंबईंत गोंवेकर खलाशांच्या ‘कुडी’ होत्या. एकेका गांवानें चालविलेल्या सामाईक खोल्या. खलाशी वर्ष-वर्ष समुद्रावर असे, पण त्याची पेटी कुडींत असे आणि शहरांतला त्याचा पत्ताही तोच. कोंकणांतून गिरणींत आलेल्या चाकरमान्यांच्या गांवकीच्या खोल्याही अशाच. माणूस फिरता, पत्ता स्थिर, आणि मध्यें ओळखीचें कोणी तरी.

स्वातंत्र्यानंतर टपालाचा पसारा इतका वाढला कीं, ओळखीवर भागेना. एकाच नांवाचीं अनेक गांवें, आणि पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी गृहस्थानें, संस्कृत कवि म्हणून ज्यांची ख्याति आहे त्यांनीं, यावर सहा आंकड्यांचा पिनकोड योजिला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. पहिला आंकडा देशाचा विभाग सांगतो; शेवटचे तीन वांटप करणारी कचेरी. पत्र योग्य कचेरीपर्यंत बिनचूक पोंचूं लागलें. मात्र ज्याच्या नांवानें तें आलें तो गृहस्थ तेथें आहे कीं नाहीं, हें सांगणें त्या आंकड्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें.

पण याच पिनकोडांत नऊ विभाग आहेत, आणि नवव्याला भूमि नाहीं! तो सैन्याच्या टपालाचा आहे. सैनिकाला पत्र लिहितांना त्याचें नांव, क्रमांक, पलटण आणि ‘५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ असें लिहावयाचें. त्या बाजूच्या मुलुखांत पलटण कोठेंही हलो, घरच्यांनीं पत्ता बदलावयास नको; पत्र वळविण्याची चिंता लष्करी टपालाची. हेतु गुप्ततेचा असेल, पण त्यांत जासुदाचा जुना धर्म शिल्लक राहिला आहे. ज्या १९७२ सालीं नागरिकाचा पत्ता आंकड्यांनीं जागेशीं बांधला गेला, त्याच सालीं १ मार्चला सैन्याच्या टपालाचें स्वतंत्र दल उभें राहिलें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

२०२५ च्या मे महिन्यांत टपाल खात्यानें ‘डिजिपिन’ ही नवी योजना पुढें आणली. तिनें सारा देश सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागला आहे, आणि प्रत्येक चौकोनास दहा चिन्हांचा संकेत दिला आहे. रुग्णवाहिकेला आणि दूरच्या वाडीला तिचा उपयोग निःसंशय होईल. पण माझे स्नेही तो संकेत लिहिते, तरी त्यांचें पत्र माझ्या जुन्या उंबरठ्यावर अधिकच अचूकपणें जाऊन परत फिरलें असतें.

म्हणून, पोस्टमनवर रागावून भागणार नाहीं. जोंवर माझा नवा पत्ता त्याच्या आठवणींत होता, तोंवर पत्रें येत होतीं. बदलीबरोबर ती आठवणही निघून गेली. जें काम सैनिकासाठीं एक सबंध दल पार पाडतें, तें नागरिकासाठीं एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोंपविलें जावें, हेंच खरें वैगुण्य आहे. नागरिकाचा अर्ज कचेरीच्या दप्तरांत जागता राहावा, पोस्टमन बदलला तरी बदलूं नये, एवढीच मागणी आहे. आणि आपल्याकडचेंही एक काम आहे. बिऱ्हाड हलवितांना पेट्या बांधण्याआधीं, ज्यांचीं पत्रें आपल्याला हवीं आहेत, त्यांना दोन ओळी लिहाव्या. मीं तें उद्यांवर टाकलें होतें.