जुडी आणि ट्रस्ट

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा इतिहास कारखान्यांपासून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग भोसरी, आकुर्डी आणि पुढे चाकण. मला हा इतिहास सातबाऱ्यापासून वाचावासा वाटतो. पिढीजात मालमत्तेवर सरकार कोणाला कसा कर लावते, ते तिथे उघडे पडते.

महाराचे वतन पिढीजातच होते. त्या जमिनीवर पूर्ण साऱ्याऐवजी 'जुडी' हा कमी आकार घेतला जाई. ही सवलत फुकटची नव्हती. तिच्यापोटी अख्ख्या घराने रात्रंदिवस गावकी आणि सरकारी कामे करायची. एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे. तक्षिमा पडत पडत वाट्याला मूठभर जमीन उरली, राबणूक मात्र अखंड! १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने जुडी वाढवली. चाकरीही घ्यायची आणि साराही वाढवायचा, हा कुठला न्याय? १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला वतनदारांची परिषद भरली ती यासाठीच.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, चाकरी गेली. ते चांगलेच झाले. पण आपलीच जमीन परत घ्यायला आकाराची तिप्पट रक्कम भरायची, आणि मिळाली तीही नव्या शर्तीवर: कलेक्टरच्या परवानगीवाचून आणि नजराण्यावाचून विकता येणार नाही. या अटीने काहींची जमीन वाचली, हे मी नाकारत नाही. पण कारखान्यांनी भाव चढला तेव्हा त्या भावात सरकार वाटेकरी झाले.

धनिक कुटुंबांचे काय? त्यांनी खाजगी ट्रस्ट काढले. लाभार्थीचा हिस्सा ठरवायचाच नाही, ट्रस्टींनी मर्जीने द्यायचे. एका घराचे उत्पन्न अनेक ट्रस्टांत विभागले की कराचा दर खाली येई. १९७० साली अशा ट्रस्टांवर ६५ टक्के दर बसला, १९८० साली सर्वोच्च दर. ही दारे सरकारने उशिरा का होईना लावली. मात्र १९८५ साली मृत्युकरच रद्द झाला, २०१५ च्या अंदाजपत्रकाने संपत्तीकरही.

या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे जुने फेरफार काढावेत. पुनर्प्रदान कोणाच्या नावे झाले, शर्त कधी उठली, नजराणा कोणी भरला आणि जमीन अखेर कोणाच्या खात्यावर गेली, एवढे उतरवून काढले तरी पुष्कळ काम होईल.