तारेचा ओढा आणि कुलाब्याची सुई

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डोक्यावरील तारेकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तिच्यांतून प्रवाह उत्तरेस वाहूं लागतांच पृथ्वीचें चुंबकत्व तिला किंचित् समुद्राकडे लोटतें. प्रवाह उलटला, कीं सह्याद्रीकडे. आपल्याकडे पृथ्वीचें चुंबकक्षेत्र उत्तरेस असून खालीं कललेलें असतें, आणि उत्तर-दक्षिण तारेवर त्याचा खालचा अंशच परिणाम करतो. म्हणून डाव्या हाताची तर्जनी जमिनीकडे, मधलें बोट उत्तरेकडे व अंगठा दोहोंशीं काटकोनांत धरावा. अंगठा पश्चिम दाखवितो. हा नियम फ्लेमिंगचा. त्याचें मूळ ओर्स्टेडच्या १८२० सालच्या प्रयोगांत आहे. प्रवाहानें चुंबकसुई ढळते हें त्यानें दाखविलें. चुंबक तारेला ढकलतो, ती त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

ह्या तत्त्वानें मुंबईस एकदां मोठा पेंच टाकला. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें चालूं होतीं. १८९६ मध्यें नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. पुढें शहरांत विजेची ट्राम आणण्याचें ठरलें. ट्रामचा प्रवाह एकाच दिशेचा. तो रुळांतून व जमिनींतून परततो आणि गाडी निघतां-थांबतां कमीजास्त होतो. एवढा प्रवाह जवळून जाऊं लागल्यावर सुईचें ढळणें पृथ्वीचें कीं ट्रामचें, हें कोण सांगणार? साठ वर्षांची साखळी तुटण्याची वेळ आली.

ट्राम थांबवितां येत नव्हती, आणि थांबविणें योग्यही नव्हतें. म्हणून वेधशाळाच हलविण्यांत आली. लोखंडाचा संसर्ग टाळून बांधलेल्या अलिबागच्या वेधशाळेंत १९०४ मध्यें काम सुरू झालें. विशेष हें, कीं १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेण्यांत आलीं. त्यामुळें दोन जागांतील फरक कळला व जुनी नोंद नव्या नोंदीशीं जोडतां आली. विजेची ट्राम १९०७ मध्यें धांवली. १८४६ ते १९०५ ह्या काळाच्या नोंदी मूस ह्यांनीं १९१० मध्यें दोन खंडांत प्रसिद्ध केल्या.

पालघरच्या तारेंतील प्रवाह सेकंदास शंभर वेळां दिशा बदलतो. म्हणून समुद्राकडचा लोट व सह्याद्रीकडचा लोट सरासरीनें एकमेकांस फेडतात. कुलाब्यास ही सवलत नव्हती. तेथें निसर्गाच्या नियमाशीं भांडण न करतां त्याच्या वाटेंतून बाजूस होण्याचें शहाणपण दाखविलें गेलें, आणि विज्ञान व वीज दोन्हीं टिकलीं.